एकतीस सेंटांचे खाते

सोमवार, २ नोव्हेंबर १९०३. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्याची राजधानी रिचमंड. तिथे त्या दिवशी सेंट ल्यूक पेनी सेव्हिंग्ज बँक उघडली आणि संध्याकाळपर्यंत सुमारे २८० लोकांनी मिळून नऊ हजार डॉलरांच्या वर रक्कम आणून दिली. त्यांतल्या एकाने भरले ३१ सेंट. डॉलरचा तिसरा हिस्सासुद्धा नाही. गावातल्या गोऱ्यांच्या बँकांच्या काउंटरवरून ही चिल्लर परत सरकवली गेली असती, त्यातून आणणारा माणूस काळा असता तर नक्कीच. इथे ती मोजून घेतली गेली, वहीत मांडली गेली. बँकेच्या अध्यक्ष होत्या मॅगी लीना वॉकर, वय वर्षे ३९. लोकांचे कपडे धुणाऱ्या बाईची ही मुलगी. चिल्लर कुठून येते आणि ती साठवायला किती पाणी ओढावे लागते, हे त्यांना कुणी सांगायला नको होते.

आमच्या संपादकांनी यंदाच्या दिवाळी अंकासाठी बायकांनी काढलेल्या बँका हा विषय घेतला आहे. म्हसवडच्या माणदेशी बँकेवर लिहायला त्यांना माझ्यापेक्षा जाणते कुणी मिळाले. मी नातवाला सांभाळायला लेकीकडे व्हर्जिनियात निघाले आहे हे कळल्यावर म्हणाले, मग रिचमंडला जाऊन या. म्हसवडच्या बायकांचा परवान्यासाठीचा पहिला अर्ज, सभासद निरक्षर आहेत म्हणून रिझर्व्ह बँकेने फेटाळला होता, ही हकीकत डोक्यात होतीच. तेव्हा थोडी तुलना मांडायची, दोन-चार फोटो घ्यायचे, एवढीच तयारी. ती तुलना पुढे बाजूला पडली, कारण रिचमंडमध्ये बँकेच्या आधी मला घर पाहायला मिळाले.

ते घर आहे जॅक्सन वॉर्ड नावाच्या वस्तीत, पूर्व ली रस्त्यावर, क्रमांक ११०½. हा अर्धा मला फार आवडला. विटांचे, पुढे रुंद ओसरी असलेले दुमजली घर. १९०४ मध्ये वॉकर कुटुंबाने ते घेतले तेव्हा त्यात मोजक्या खोल्या होत्या. आज पंचवीसच्या वर आहेत. आता ते राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे आणि पसरट टोपी घातलेले सरकारी रेंजर लोकांना आत फिरवतात.

रीतसर इतिहास थोडक्यात सांगते. मॅगीची आई एलिझाबेथ ड्रेपर ही एलिझाबेथ व्हॅन ल्यू या श्रीमंत गोऱ्या बाईंच्या वाड्यात स्वयंपाकघरात कामाला होती. या व्हॅन ल्यू बाई म्हणजे स्वतंत्र लेखाचाच विषय. रिचमंड ही यादवी युद्धात दक्षिणेची राजधानी, आणि या बाई तिथेच बसून उत्तरेसाठी हेरांचे जाळे चालवत होत्या. त्या युद्धातच, १५ जुलै १८६४ रोजी मॅगीचा जन्म झाला. आईने पुढे विल्यम मिचेल यांच्याशी लग्न केले. ते एका हॉटेलात वेटर होते. १८७६ मध्ये त्यांचा मृतदेह जेम्स नदीत सापडला. मग आईने घरी कपडे धुवायला घ्यायला सुरुवात केली. गोऱ्यांच्या घरून मळके कपडे आणणे, धुतलेले पोचवणे आणि मधल्या वेळात धाकट्या भावाला सांभाळणे हे मॅगीचे काम. वय बाराच्या आसपास.

महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ छापली आणि निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकन लोकांना ती अर्पण केली. तेव्हा मॅगी नऊ वर्षांची होती. पुण्याहून ज्या मुक्तीकडे जोतीराव एवढ्या आशेने पाहत होते, तिच्यानंतर त्या माणसांच्या हातात नेमके काय पडले, याचा हिशेब जुळवायचा तर ही कपड्यांची टोपली लक्षात ठेवावी लागेल.

मुलगी शिकली, १८८३ मध्ये शिक्षिका झाली. १८८६ मध्ये तिने आर्मस्टेड वॉकर यांच्याशी लग्न केले. त्यांच्या घरचा विटांचा आणि बांधकामाचा धंदा होता. लग्न झालेल्या बाईला तिथे शाळेत शिकवता येत नसे, म्हणून नोकरी गेली. उरले ते चौदाव्या वर्षापासून चालू असलेले एक काम, इंडिपेंडंट ऑर्डर ऑफ सेंट ल्यूक. आपल्याकडची भिशी आणि मयत फंड एकत्र केले तर जे होईल, तशी ही संस्था. मेरी प्राउट नावाच्या कृष्णवर्णीय बाईंनी ती १८६७ मध्ये बाल्टिमोरला सुरू केली होती. सभासदाने ठरलेली वर्गणी भरायची. आजारी पडला तर संस्था मदत करणार, मेला तर पुरणार. विमा कंपन्या ज्यांना दारात उभे करत नव्हत्या, त्यांनी आपापसांत केलेली ही सोय. १८९९ मध्ये मॅगीबाई तिच्या मुख्य सचिव झाल्या तेव्हा तिजोरीत ३१ डॉलर ६१ सेंट होते आणि ४०० डॉलरांची देणी. आधीच्या सचिवाच्या पगाराच्या एक तृतीयांशावर, म्हणजे महिना आठ डॉलरांवर त्यांनी काम स्वीकारले. पंचवीस वर्षांनी सभासद एक लाखावर गेले होते.

या दोन वाक्यांच्या मध्ये काय घडले, ते पाहण्यात मी रिचमंडमधला माझा बहुतेक वेळ घालवला.

संस्थेकडे पैसा येत होता आणि तो गोऱ्यांच्या बँकांत ठेवला जात होता. त्या बँका कर्ज द्यायच्या गोऱ्यांना. म्हणजे काळ्या धोबिणीने फळीवर कपडे घासून मिळवलेल्या नाण्यातून गोऱ्या दुकानदाराचा दुसरा मजला चढत होता, आणि तिला स्वतःला खोलीचे भाडे वाढवून द्यावे लागत होते. १९०१ च्या अधिवेशनात मॅगीबाईंनी तीन गोष्टी मागितल्या: वर्तमानपत्र, दुकान आणि बँक. वर्तमानपत्र पुढच्या वर्षी निघाले. बँकेसाठी मात्र त्या आधी शिकायला गेल्या. गावातल्या मर्चंट्स नॅशनल बँकेत, गोऱ्यांच्या बँकेत, रोज काही तास, काही महिने बसून त्यांनी खातेवह्या कशा लिहितात ते पाहिले. एवढी मोठी संस्था चालवणारी, वक्तृत्वाने सभा हलवणारी चाळिशीला टेकलेली बाई कोपऱ्यात बसून जमा-खर्चाचे रकाने समजावून घेते, हे चित्र मला त्यांच्या सगळ्या भाषणांपेक्षा मोठे वाटते.

आणि मग ती पेटी. संस्थेचा मुलांचा विभाग मॅगीबाईंनीच १८९५ मध्ये सुरू केला होता. मुलांना पुठ्ठ्याच्या लहान पेट्या दिल्या जात, वर नाणे टाकायला चीर. एकेक सेंट टाकायचा. एक डॉलर झाला की बँकेत यायचे आणि स्वतःच्या नावाचे खाते उघडायचे. शंभर सेंट! कामाला पाठवले, बक्षीस मिळाले, कुणी पाव्हणा आला, तेव्हा कुठे एखादे नाणे हातात येणार. कुठल्याही बँकरला विचारा, अशा खात्याचा खर्च खात्यातल्या रकमेपेक्षा जास्त असतो. कारकुनाचा वेळ, पुस्तक, शाई. हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे, पण तो दहा वर्षे पाहिला तर चित्र बदलते. पेटीवाला मुलगा पंधराव्या वर्षी कामाला लागतो आणि पगार कुठे ठेवायचा हा प्रश्न त्याला पडत नाही. त्याची आई, जिने त्याला पेटी भरू दिली, तीही मग बिछान्याखालचे पुरचुंडीतले पैसे घेऊन येते. हे पैसे तारणावर कर्जाने बाहेर जातात, त्यातून घर उभे राहते, हप्ते परत येतात, आणि ते हप्ते पुढच्या घराला जातात. १९२० पर्यंत या बँकेच्या कर्जातून रिचमंडमधल्या सहाशेहून अधिक कृष्णवर्णीय कुटुंबांनी स्वतःची घरे केली होती.

मॅगीबाई दानशूर होत्या, असे सगळीकडे लिहिलेले असते, आणि ते खरेच आहे. वाट चुकलेल्या मुलींसाठी जेनी पोर्टर बॅरेट यांनी काढलेल्या शाळेला त्यांनी आणि त्यांच्या महिला मंडळाने पैसे जमवून दिले. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या राष्ट्रीय संघटनेची रिचमंड शाखा उभी करण्यात त्या पुढे होत्या. पण त्यांच्या देण्यातला सगळ्यात मोठा भाग वर्गणीच्या पावत्यांत दिसत नाही. तो त्या शंभर सेंटांच्या खात्यांवर सोसलेल्या तोट्यात आहे. शिवाय नोकऱ्या. काळ्या बाईने एक तर कपडे धुवावेत नाही तर दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात राबावे, असा तो काळ. सेंट ल्यूकच्या कचेरीत मुली टंकलेखन करत, हिशेब ठेवत, आणि बँकेच्या संचालक मंडळावर बायका होत्या.

दुकान मात्र बुडाले. १९०५ मध्ये ब्रॉड रस्त्यावर, गोऱ्यांच्या पेठेच्या ऐन मध्यावर, सेंट ल्यूक एम्पोरियम उघडले. विक्रीला काळ्या मुली, काचेतले पुतळेही काळे. गोऱ्या व्यापाऱ्यांनी एकजूट करून घाऊक विक्रेत्यांवर दबाव आणला, माल मिळू नये म्हणून. तरीही खरे दुखणे वेगळे होते: ज्यांच्यासाठी दुकान काढले ते लोकच सवयीने जुन्या दुकानांत जात राहिले. सहा-सात वर्षांत एम्पोरियमला टाळे लागले. आपली माणसे आपल्याकडे पैसे ठेवायला आली, पण लुगडे घ्यायला आली नाहीत, याचे कारण शोधायला मला कुणी पगार दिला तर मी तिथेच राहीन.

आता त्या घरात परत येऊ. आत शिरल्यावर आधी ग्रंथसंग्रहाची खोली, भिंतीभर कृष्णवर्णीय पुढाऱ्यांच्या तसबिरी. पण मी रेंगाळले वरच्या मजल्यावर. या घरात मॅगीबाईंची आई राहत होती, १९२२ मध्ये वारेपर्यंत. दोन मुलगे, रसेल आणि मेल्विन, लग्ने करून बायकांना घेऊन इथेच राहिले. पॉली ही मानसकन्या इथेच वाढली. आणि मग चार नातवंडे. कुटुंब वाढले की मागे खोली, अजून वाढले की आणखी एक, असे हे घर वाढत गेले. अमेरिकेत मुले वेगळी राहतात असे आपण सांगत-ऐकत असतो, त्यामुळे एका छताखाली चार पिढ्यांचा हा बारदाना पाहून मी रेंजरबाईंना दोनदा विचारले, सगळेच इथे? त्या हसून म्हणाल्या, सगळेच.

घराचा हा डोलारा कशातून सांभाळला होता ते लक्षात घ्यायला हवे. २० जून १९१५. त्या दिवसांत वस्तीत चोर फिरतो अशी बोलवा होती. थोरल्या रसेलने ओसरीवर कुणी तरी पाहिले, गोळी झाडली. तो त्याचा बाप होता. आर्मस्टेड वॉकर गेले. मुलावर खुनाचा खटला चालला, तो निर्दोष सुटला, पण त्यातून सावरला नाही. १९२३ मध्ये तोही गेला. मधल्या काळात संस्थेतल्या काहींनी मॅगीबाईंना पदावरून काढायचा घाट घातला होता; त्या अधिवेशनात उभ्या राहिल्या आणि पद टिकवून परतल्या. घरी सून हॅटी विधवा, तिची लहान मुलगी आजीचेच नाव लावणारी, मॅगी लॉरा. नवऱ्याला मारणारा मुलगा, त्याची बायको आणि त्याची मुलगी यांच्यासोबत त्याच घरात राहायचे, तिथूनच रोज कामाला जायचे. यावर मी काही लिहू पाहिले आणि खोडले.

मॅगीबाईंचा गुडघा १९०७ मध्ये पडून दुखावला होता. दुखणे चिघळत गेले, मधुमेह जोडीला, आणि १९२८ मध्ये त्या चाकांच्या खुर्चीत बसल्या. आपल्याकडे अशा वेळी आजीची खाट खालच्या खोलीत येते आणि वरचा मजला तिच्यासाठी संपतो. यांनी घरात लिफ्ट बसवून घेतली. दोन मजल्यांच्या राहत्या घरात, त्या काळी. ती लिफ्ट अजून आहे, आणि मला कबूल केले पाहिजे की तसबिरी, पियानो, झुंबर यांपेक्षा मी त्या लिफ्टकडेच जास्त वेळ पाहत होते. वर झोपायच्या खोल्या, म्हणजे नातवंडे. खाली बैठक, म्हणजे गावाचा राबता. यांतले काहीही सोडायची बाईंची तयारी नव्हती, म्हणून जिना बदलला. तसेच मोटारीचे. पॅकार्ड गाडीत फेरफार करून घेतले, खुर्चीसकट आत जाता येईल असे. त्या कचेरीत जात राहिल्या, दौरे करत राहिल्या.

त्या खुर्चीवरूनच त्यांनी शेवटचा मोठा व्यवहार केला. रिचमंडमधल्या काळ्यांच्या बँकांचा इतिहास सुखाचा नाही. १८८८ मध्ये सनद मिळालेली ट्रू रिफॉर्मर्सची बँक १९१० मध्ये बुडाली. आपल्याच संस्थेच्या धंद्यांना बिनतारण कर्जे दिली होती आणि रोखपालाने अफरातफर केली होती. नंतर राज्याने कायदा कडक केला, तेव्हा मॅगीबाईंनी बँक संस्थेपासून वेगळी केली. त्यांचे सहकारी आणि स्पर्धक जॉन मिचेल यांची मेकॅनिक्स बँक १९२२ मध्ये बंद पडली. मग महामंदी. बाईंनी गावातल्या उरलेल्या दोन काळ्या बँका आपल्यात मिळवून घेतल्या, १९३० च्या सुमारास कन्सॉलिडेटेड बँक अँड ट्रस्ट तयार झाली आणि त्या तिच्या संचालक मंडळाच्या अध्यक्ष झाल्या. स्वतःच्या बँकेचे नाव त्यात गेले, याची त्यांनी फिकीर केली नाही. ठेवीदार वाचले. १५ डिसेंबर १९३४ ला मॅगीबाई गेल्या.

सूनबाई हॅटी त्या घरात १९७४ पर्यंत राहिल्या आणि त्यांनी वस्तू फारशा हलवल्या नाहीत. नात मॅगी लॉरा डॉक्टर झाली. कपडे धुणाऱ्या बाईची पणती. १९७९ मध्ये घर सामानासकट सरकारने घेतले, १९८५ मध्ये लोकांसाठी उघडले. आजीचे घर असे जसेच्या तसे मिळणे भाग्याचेच.

पण दाराबाहेर पडून उत्तरेला थोडे चालले की गाड्यांचा आवाज वाढत जातो, आणि मग रस्ता संपतो. खाली महामार्ग आहे. १९३७ मध्ये केंद्र सरकारच्या गृहकर्ज खात्याने या शहराचा नकाशा रंगवला, कुठे कर्ज द्यावे आणि कुठे देऊ नये हे दाखवणारा. जॅक्सन वॉर्डला सगळ्यात खालची श्रेणी मिळाली, लाल. बँकेने जिथे घरांसाठी कर्जे दिली त्याच वस्तीला सरकारने कर्जासाठी धोकादायक ठरवले. दुरुस्तीला कर्ज नाही, म्हणून घरे जुनाट. घरे जुनाट, म्हणून ती पाडायला हरकत नाही. १९५० च्या दशकात रिचमंड-पीटर्सबर्ग महामार्ग या वस्तीच्या मधून काढला. शेकडो घरे गेली, गल्ल्या अर्ध्यावर तुटल्या. सिक्स्थ माउंट झायन हे बाप्टिस्ट चर्च वाचले, ते आज रस्त्याच्या अगदी काठाला उभे आहे आणि रस्ता त्याच्याजवळ वळतो. पाडलेल्या घरांपैकी कितींचे हप्ते पेनी बँकेत फेडले गेले होते, हा आकडा कुणीतरी काढायला हवा.

बँक मात्र महामार्गानंतरही पन्नासेक वर्षे चालली. काळ्या लोकांच्या मालकीची, सलग चालू असलेली देशातली सर्वांत जुनी बँक म्हणून तिचा मान होता. वर्णभेद कायद्याने संपला, मोठ्या बँकांनी काळ्या गिऱ्हाइकांना दार उघडले, चांगली खाती तिकडे गेली आणि या छोट्या बँकेकडे लहान खाती आणि अवघड कर्जे उरली. एम्पोरियमची गोष्ट शंभर वर्षांनी पुन्हा घडली म्हणायची. २००५ मध्ये वॉशिंग्टनच्या एका बँक कंपनीने ती घेतली. चार वर्षांत ती कंपनीच शेजारच्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यातल्या प्रीमिअर बँकेच्या मालकांनी घेतली. पुढे कन्सॉलिडेटेड ही पाटीही उतरली. कुणी दिवाळखोरी केली नाही, कुणाच्या ठेवी बुडाल्या नाहीत. सगळे नियमानुसार.

मॅगीबाईंची कबर एव्हरग्रीन दफनभूमीत आहे. ही काळ्या मध्यमवर्गाची दफनभूमी कित्येक वर्षे वेली आणि झाडोऱ्याखाली गेली होती. स्वयंसेवक सुट्टीच्या दिवशी येऊन ती मोकळी करत आले आहेत. पुरण्याची हमी देणाऱ्या संस्थेच्या सचिवांच्या थडग्यापर्यंत पोचायला कोयता लागावा!

२०१७ मध्ये, त्यांच्या जन्मदिवशी, ब्रॉड आणि ॲडम्स या रस्त्यांच्या कोपऱ्यावर त्यांचा दहा फुटी पुतळा उभा राहिला. पाठोपाठ तीन-चार वर्षांत त्याच शहरातले दक्षिणेच्या सेनापतींचे पुतळे उतरवले गेले. याने बरे वाटते. आता योजना अशी आहे की जॅक्सन वॉर्डच्या मधल्या महामार्गावर छत टाकायचे, त्यावर बागा, रस्ते आणि घरे करून तुटलेले दोन भाग जोडायचे. आराखडे, बैठका असे सगळे चालू आहे. मला त्या आराखड्यात झाडे छान दिसली. पण वस्ती सुधारली की जागेचे भाव चढतात, हे पुण्या-मुंबईच्या माणसाला वेगळे सांगायला नको. नव्या छतावरचे घर घ्यायला इथल्या जुन्या रहिवाशाला कर्ज लागेल, आणि लहान पगाराच्या माणसाला ते देण्यासाठी जी बँक निघाली होती, ती आता या गावात नाही. छताचा आराखडा आहे. कर्ज कोण देणार, ते कुठल्याच पानावर मला दिसले नाही.